बॅरियरपाशी पाय टेकवा

पुण्यात नियमाने सायकल चालवायची म्हटलं की लष्कराची हद्द टाळता येत नाही. कॅम्पातून घोरपडीला निघा, वानवडीतून रेसकोर्सकडे या, खडकीहून रेंज हिल्सला वळा किंवा देहूरोडमार्गे घोरावडेश्वराचा पायथा गाठा. वाटेत कुठे तरी चुना-गेरूने रंगवलेली झाडांची खोडं, ओळीत मांडलेले पांढरे दगड आणि पाटीवर एखाद्या युनिटचं नाव लागतंच. नाशिकची मंडळी देवळाली कॅम्पातून भगूरला जातात, नागपूरची कामठीकडे, नगरची भिंगारकडे. महाराष्ट्रात कॅन्टोन्मेंट सात : पुणे, खडकी, देहूरोड, देवळाली, अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर आणि कामठी. या रस्त्यांवर सावली आहे, खड्डे कमी आहेत, सकाळची रहदारी बेताची आहे. सायकलवाल्यांचा जीव तिथे रमतो यात नवल नाही. मी स्वतः गेली पंधरा वर्षं आठवड्यातून तीन-चार सकाळी या रस्त्यांवर असते.

या पंधरा वर्षांत एक गोष्ट मला पक्की कळली. छावणीतले सगळे नियम, पाटीवर लिहिलेले आणि न लिहिलेले, एकाच गरजेतून आले आहेत. पहाऱ्यावरच्या जवानाला तुम्ही कोण, कुठून आलात आणि कुठे निघालात हे दुरूनच कळायला हवं असतं. तो तुमच्या गावचा नसतो. महिन्याभरापूर्वी तो कदाचित हजार मैलांवरच्या चौकीवर उभा असेल, आणि रविवारी सकाळी चाळीस-पन्नास किलोमीटर सायकल मारून मिसळ खायला जाण्याची आपली रीत त्याने कधी पाहिलीही नसेल. त्याच्या जागी उभं राहून बघा. पहाटेच्या अंधारात एक लुकलुकणारा दिवा वेगाने जवळ येतोय. त्यामागे हेल्मेट, काळा चष्मा, नाकापर्यंत ओढलेला बफ, पाठीला सॅक. चेहरा दिसत नाही, हात दिसत नाहीत, आवाज नाही. निर्णय घ्यायला त्याच्याकडे तीन-चार सेकंद असतात.

हे मी शिकले ते स्वतःच्या चुकीने. डिसेंबरातली थंडी होती, कानात इअरफोन होते, मान खाली घालून मी गिअरकडे बघत होते. एका गेटवरच्या जवानाने हात वर केला, मग शिट्टी वाजवली. मला दोन्ही कळलं नाही. पुढच्या चौकीला निरोप गेलेला होता. तिथे दोघं जण रस्त्याच्या मधोमध उभे होते. एकाचा तळहात माझ्याकडे, दुसऱ्याच्या हातात रायफल. पुढची चाळीस मिनिटं मी एका बाकावर बसून होते. ओळखपत्र बघून झालं, सॅक उघडून झाली, घरी फोन झाला. कुणीही आवाज चढवला नाही. वयाने मोठे असलेले एक हवालदार एवढंच म्हणाले, “मॅडम, आपको रोका था, आप रुकी नहीं. अब मैं क्या समझूँ?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. त्या दिवसापासून छावणीच्या हद्दीत कानात काही नसतं. एका कानातसुद्धा नाही.

सर्वांत आधी आपण कुठल्या रस्त्यावर आहोत हे ओळखायला शिका, कारण ‘कॅन्टोन्मेंट’ या एका शब्दाखाली तीन निरनिराळ्या गोष्टी येतात. पहिली म्हणजे मुलकी वस्ती. कॅम्पातला महात्मा गांधी रस्ता, खडकी बाजार, देवळाली कॅम्पातली दुकानं. इथला कारभार कॅन्टोन्मेंट बोर्ड २००६ च्या कॅन्टोन्मेंट कायद्याखाली बघतं आणि सायकलस्वाराच्या दृष्टीने हा रस्ता महापालिकेच्या रस्त्यासारखाच. दुसरी, लष्कराच्या वसाहतींमधून, मैदानांच्या कडेने जाणारे पण लोकांना खुले असलेले रस्ते. इथे बॅरियर असतात, तपासणी होऊ शकते, रात्री काही तास फाटक लागू शकतं. तिसरी म्हणजे प्रत्यक्ष युनिट, प्रशिक्षण संस्था, डेपो, दारूगोळ्याचे कारखाने, विमानतळ. खडकवासल्याची एनडीए, दापोडीचं लष्करी अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणजे सीएमई, खडकीची १८६९ पासूनची अॅम्युनिशन फॅक्टरी, लोहगावचा हवाई दलाचा तळ. इथे पास किंवा आतल्या माणसाचं बोलावणं नसेल तर गेटच्या आत आपलं काही काम नाही.

घोटाळा होतो तो दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारात, आणि तो बहुतेक वेळा फोनवरच्या नकाशामुळे होतो. नकाशाला रस्ता दिसतो. फाटक दिसत नाही. ‘ॲप सरळ जा म्हणतंय’ हे उत्तर मी गेटवर अनेकांच्या तोंडून ऐकलंय आणि ते दर वेळी फुकट गेलंय. पाटी आणि जवान जे सांगतील तेच खरं. नवा मार्ग आखताना आदल्या आठवड्यात दिवसाउजेडी एकट्याने जाऊन बघून या, गेटवर उतरून विचारा. “सायकलवरून पलीकडे जाता येतं का? किती वाजल्यापासून?” हे दोन प्रश्न पुरतात. खुल्या रस्त्यांचीही वेळ बदलते. स्वातंत्र्यदिन आणि प्रजासत्ताक दिनाच्या आसपास, एखादा मोठा पाहुणा यायचा असेल तेव्हा, कुठे काही घडलं असेल तर दुसऱ्याच दिवशी पहारा कडक होतो. १५ जानेवारी २०२५ ला सैन्यदिनाचं संचलन खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या केंद्रात झालं. अशा वेळी त्या भागाचा नादच सोडावा. पाषाण, सूस, मुळशी या बाजूलाही सकाळ सुंदरच असते.

निघताना खिशात मूळ ओळखपत्र हवं. आधार, लायसन्स, मतदार कार्ड, काहीही चालेल, पण हातात देता येईल असं. फोनमधला फोटो पहाटे पाच वाजता बॅटरी संपल्यावर कामाचा नाही, आणि काही गेटवर फोन बाहेर काढणंच नको असतं. मी कार्ड झिपच्या छोट्या पिशवीत घालून जर्सीच्या मधल्या खिशात ठेवते, त्यातच रक्तगट आणि घरच्या दोन नंबरांची चिठ्ठी. सॅकच्या तळाशी, पंपाच्या खाली, कार्ड ठेवू नका. ते शोधताना तुम्ही सॅकमध्ये कोपरापर्यंत हात घालून चाचपडत राहता आणि समोरच्या जवानाला ते बघवत नाही.

परदेशातून सुटीला आलेल्या पाहुण्यांचा मुद्दा आपल्याकडे हमखास येतो. ह्यूस्टनचा भाचा किंवा लंडनची पुतणी आली की तिला आपला रोजचा मार्ग दाखवावासा वाटतो. तिचं मराठी तुमच्या-माझ्याइतकंच अस्सल असेल, पण पासपोर्ट परदेशी असेल तर लष्करी फाटकाशी ती परदेशी नागरिक आहे आणि परदेशी नागरिकाला आगाऊ परवानगी लागते. गेटवरच्या माणसाला त्यात सूट देण्याचा अधिकार नाही. त्याला आर्जव करून अडचणीत टाकू नका. त्या दिवशी सिंहगडाच्या पायथ्याला जा.

आता प्रत्यक्ष बॅरियर. पन्नास मीटर आधी पायडल थांबवा, हात ब्रेकच्या दांड्यांवर उघडे दिसू द्या. लुकलुकणारा दिवा असेल तर तो स्थिर करून खाली वळवा. मोटारवाल्यांना गेटवर हेडलाइट मंद करून आतला दिवा लावायला सांगतात ते याच कारणासाठी. आपल्या सायकलचा हजार ल्युमेनचा दिवा थेट जवानाच्या डोळ्यांत जातो आणि त्याला काहीच दिसत नाही. चष्मा कपाळावर, बफ गळ्यात. मग थांबा. एक पाय जमिनीला टेकवा. हा पाय टेकवणं फार महत्त्वाचं आहे. बूट पायडलला अडकवणारी क्लीट वापरणारे आपण बॅरियरपाशी तोल सांभाळत, चाक डावी-उजवीकडे हलवत उभे राहतो. आपल्याला ते कौशल्य वाटतं, पण बघणाऱ्याला माणूस पळायच्या तयारीत दिसतो. क्लीट काढा, पाय खाली ठेवा, ‘जय हिंद’ म्हणा किंवा नुसता नमस्कार करा आणि त्याने विचारायची वाट बघा. बूम म्हणजे बॅरियरचा आडवा दांडा खाली असेल तर त्याच्या टोकाशी उरलेल्या फुटभर फटीतून सायकल काढू नका. ती फट सगळ्यांना दिसते आणि सगळ्यांना मोह होतो. बूम वर गेला तरी जवानाने हाताने खूण केल्याशिवाय हलू नका, कारण तो कदाचित समोरून येणाऱ्या गाडीसाठी वर केला असेल.

बोलणं हिंदीत, थोडक्यात आणि खरं. “खडकी से आ रहा हूँ, बोपोडी जाना है.” एवढ्यात सगळं येतं. वशिला काढू नका. ‘माझे काका कर्नल होते’ याने तुमची ओळख पटत नाही, उलट शंका वाढते. तो नाही म्हणाला तर का हे एकदा नम्रपणे विचारायला हरकत नाही, पण कारण सांगायला तो बांधलेला नाही, आणि बऱ्याचदा त्यालाही सांगितलेलं नसतं. १९२३ च्या शासकीय गुपिते कायद्याचं सातवं कलम इथे माहीत असलेलं बरं : प्रतिबंधित ठिकाणाच्या आसपास पहारा देणाऱ्या सैनिकाच्या किंवा पोलिसाच्या कामात अडथळा आणणं, त्याची जाणूनबुजून दिशाभूल करणं हा गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सॅक तपासायची म्हणाले तर स्वतः उघडून द्या. बायकांनी हेही लक्षात ठेवावं की बाईची अंगझडती बाईनेच घ्यायची असा कायदा आहे. तशी वेळ आलीच तर महिला कर्मचारी बोलवा असं शांतपणे सांगायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. माझ्यावर ती वेळ कधी आली नाही.

फाटकाच्या आतल्या रस्त्यावर आपली गाठ पडते ती धावणाऱ्या तुकड्यांशी. सकाळी साधारण साडेपाच ते सात ही पीटीची वेळ. तीस-चाळीस जवान तिघा-तिघांच्या ओळीत पळत असतात, बाजूने एक उस्ताद पळत पळत ताल देत असतो, आणि बहुधा पुढे-मागे रस्त्यावर लक्ष ठेवायला एकेक जण असतो. ही तुकडी म्हणजे रहदारी आहे असं धरा. मागून येत असाल तर वेग त्यांच्याइतकाच करा आणि मागच्या जवानाची नजर तुमच्यावर पडू द्या. तो हाताने पुढे जायला सांगेल. जाताना पूर्ण उजवी बाजू घ्या, दोन मीटर तरी अंतर ठेवा, घंटी वाजवत सुटू नका. घंटीने ओळीतला एखादा वळून बघतो, त्याचं पाऊल चुकतं, मागचा त्याच्यावर आदळतो. तुकडीच्या मधून, दोन ओळींमधल्या जागेतून, कधीही जाऊ नका. मोटारगाड्यांसाठी तर २०१७ पर्यंत लागू असलेल्या १९८९ च्या रस्ता-नियमांतच लिहिलेलं होतं की संचलन करणाऱ्या सैनिकांच्या किंवा पोलिसांच्या तुकडीजवळून जाताना ताशी २५ किलोमीटरपेक्षा जास्त वेग नको. सायकल मोटार नाही, पण उतारावर आपण आरामात पस्तीसला जातो. तेव्हा हा आकडा स्वतःला लावून घ्या. पाटीवर लिहिलेली वेगमर्यादाही सायकलला लागूच समजा, विशेषतः शाळा, लष्करी रुग्णालय आणि कुटुंबांच्या क्वार्टर्सपाशी. कमांड हॉस्पिटलच्या भागात काठी घेऊन, कृत्रिम पाय लावून चालण्याचा सराव करणारा माणूस समोर येऊ शकतो. त्याच्या बाजूने झप्पकन गेलात तर तो पडेल.

ताफा आला तर रस्ता सोडून थांबा. लष्करी गाडी नंबरप्लेटवरच्या वर टोक असलेल्या बाणावरून ओळखता येते. बाणापाठोपाठ गाडी सैन्यात आली त्या वर्षाचे दोन आकडे असतात. ताफ्यातल्या दोन ट्रकांमध्ये मुद्दाम अंतर ठेवलेलं असतं. ती जागा आपल्याला घुसायला सोडलेली नाही. उंच ट्रकच्या चालकाला आपल्या डाव्या चाकाशी असलेली सायकल दिसत नाही, आणि रणगाडा वाहून नेणाऱ्या ट्रेलरचं मागचं टोक वळणावर रस्त्याची सगळी रुंदी खातं. अहिल्यानगरला रणगाड्यांच्या दलाचं केंद्र आहे, तिथल्या सायकलवाल्यांना हे सांगायला नको.

संध्याकाळी जाणाऱ्यांसाठी एक. सूर्यास्ताच्या वेळी बिगुल वाजतो आणि ध्वज उतरवला जातो. ध्वजसंहिता सांगते की ध्वज चढवला किंवा उतरवला जात असताना, किंवा संचलनात नेला जात असताना, तिथे हजर असलेल्या प्रत्येकाने ध्वजाकडे तोंड करून सावधान उभं राहायचं. ध्वजस्तंभ नजरेच्या टप्प्यात असेल तर सायकलवरून उतरा आणि उभे राहा. मिनिटभराचं काम आहे.

फोटोंबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण आजचा सायकलस्वार स्वतः एक चालता कॅमेरा झालाय. हेल्मेटवर ॲक्शन कॅमेरा, सीटखाली कॅमेरावाला मागचा दिवा, हँडलवर समोर तोंड करून लावलेला फोन. गेट, भिंत, मनोरे, गाड्या, तुकड्या, दिशादर्शक पाट्या यांतलं काहीही टिपायचं नाही. मनात काय आहे ते कॅमेऱ्यावरून कळत नाही. हद्द सुरू व्हायच्या आधी थांबून कॅमेरा काढून सॅकमध्ये टाका. नुसता बंद केलात तरी बघणाऱ्याला तो चालूच वाटतो. फोन खिशात. गटातल्या कुणाला झाडाखाली जर्सीचा फोटो हवाच असेल तर बाजारपेठेत पोचल्यावर काढा. घोरपडीचं राष्ट्रीय युद्ध स्मारक लोकांसाठी आहे, नगरचं रणगाडा संग्रहालय लोकांसाठी आहे. तिथेही आत काय चालतं ते विचारून घ्या. ड्रोनचा तर विचारही नको.

याहून मोठी गोष्ट कॅमेऱ्याशिवाय घडते. नोव्हेंबर २०१७ मध्ये स्ट्राव्हा या व्यायाम नोंदवणाऱ्या ॲपने आपल्या वापरकर्त्यांच्या धावा आणि फेऱ्या एकत्र करून जगाचा एक उजळलेला नकाशा प्रसिद्ध केला. जानेवारी २०१८ मध्ये नेथन रुसर या ऑस्ट्रेलियन विद्यार्थ्याच्या लक्षात आलं की सीरिया-अफगाणिस्तानच्या वाळवंटी काळोखात काही जागी स्वच्छ रेषा उजळल्या आहेत. त्या लष्करी तळांच्या आतल्या वाटा होत्या. जवान रोज सकाळी घड्याळ लावून कुंपणाच्या आतून धावत होते आणि प्रत्येक फेरीबरोबर तळाचा आराखडा गडद होत होता. कुणी एक शब्दही फोडला नव्हता.

आपण मुलकी माणसं खुल्या रस्त्यावरून जातो, मग आपल्या रेषेने काय होणार, असं वाटेल. एका रेषेने काही होत नाही. पण पन्नास जण वर्षभर त्याच वाटेने गेले तर कुठलं फाटक किती वाजता उघडतं, कुठे सगळे थांबतात, किती वेळ थांबतात, कुठल्या वारी वाट बंद असते, हे सगळं त्या नोंदींत आपोआप साठतं. म्हणून माझी कळकळीची विनंती : हद्दीत शिरायच्या आधी नोंद थांबवा आणि बाहेर पडल्यावर पुन्हा सुरू करा. किलोमीटर चार कमी दिसतील. ते जमत नसेल तर ती फेरी फक्त स्वतःला दिसेल अशी ठेवा, आणि ॲपच्या सेटिंगमध्ये एकत्रित माहितीसाठी आपली नोंद वापरण्याची परवानगी काढून घ्या. सुरुवातीचं आणि शेवटचं ठिकाण झाकण्याची सोय इथे उपयोगाची नाही, कारण छावणी वाटेच्या मध्ये येते. आणि छावणीतल्या रस्त्यावर ‘सेगमेंट’, म्हणजे वेळ मोजायचा टप्पा, करू नका, कुणी केला असेल तर त्यावर वेळ नोंदवायला जाऊ नका. फाटकापासून फाटकापर्यंत कोण सर्वांत वेगाने गेलं याची शर्यत लावण्याइतकी वाईट कल्पना दुसरी नाही.

कपड्यांबाबत : लष्करी नक्षीची जर्सी, टोपी, पँट घालून छावणीत जाऊ नका. जानेवारी २०१६ मध्ये पठाणकोटच्या हवाई तळावर हल्ला करणारे सैनिकी पोशाखात आले होते, आणि त्यानंतर सैन्याने नागरिकांना असे कपडे घालू नका, विकू नका असं आवाहन केलं. सैनिक आहोत असं भासवण्यासाठी तसा पोशाख करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हाच आहे. आपला तसा हेतू नसतो, पण बघणाऱ्याला हेतू दिसत नाही. भडक पिवळी, केशरी जर्सी घाला.

सायकल भिंतीला टेकवून चहाला जाणं हीही आपली मोठी खोड. १ ऑगस्ट २०१२ ला पुण्यात जंगली महाराज रस्त्यावर साखळी स्फोट झाले तेव्हा काही बॉम्ब सायकलींवर ठेवलेले होते. २००६ मध्ये मालेगावातही सायकलींचाच वापर झाला होता. त्यानंतर बेवारस सायकल, त्यातून पिशवी लटकवलेली, ही पहारेकऱ्यासाठी काय चीज आहे ते वेगळं सांगायला नको. छावणीत थांबायचं तर सायकलजवळ थांबा, आणि भिंत, कुंपण, ट्रान्सफॉर्मर, फाटक यांच्यापासून दूर.

माळावर, डोंगरात जाणाऱ्या जाड टायरवाल्यांनी पुढचा भाग नीट वाचावा. देवळालीला तोफखान्याची शाळा आहे आणि तिच्या गोळाबाराची मैदानं आहेत, नगरजवळ के. के. रेंज आहे. गोळाबाराच्या सरावाबद्दलच्या १९३८ च्या कायद्याखाली अशी क्षेत्रं अधिसूचित होतात, गोळाबाराच्या तारखा जाहीर होतात, गावांना कळवलं जातं, लाल निशाणं लागतात. निशाण नाही म्हणजे मोकळं रान, असं अजिबात नाही. न फुटलेला गोळा वर्षानुवर्षं मातीत पडून राहतो, पावसाने उघडा पडतो, गंजलेल्या नळीसारखा दिसतो. भंगारासाठी असे गोळे उचलून लोक दगावले आहेत. डांबर सोडू नका, पायवाट कितीही खुणावत असली तरी. काही धातूचं दिसलं तर हात, पाय, चाक काही लावू नका. आलात त्याच चाकोरीने मागे फिरा आणि ११२ वर कळवा. दिघीच्या टेकड्यांसारख्या ठिकाणी काही जमीन संरक्षण खात्याची आहे, कुंपण प्रत्येक जागी नाही. हद्दीचे दगड आणि ‘डिफेन्स लँड’ अशी पाटी ओळखायला शिका. गुराखी आत जातात म्हणून आपणही जावं हा तर्क चालत नाही.

आता हक्काबद्दल, कारण नम्रता म्हणजे सगळं सोडून देणं नव्हे. छावणीतला प्रत्येक रस्ता मर्जीने बंद करता येत नाही. कॅन्टोन्मेंट कायद्याच्या कलम २५८ मध्ये रस्ता कायमचा बंद करण्याआधी लोकांना जाहीर सूचना देऊन हरकती मागवण्याची तरतूद आहे. मे २०१८ मध्ये संरक्षण मंत्रालयाने देशातल्या ६२ कॅन्टोन्मेंटमधले, ही पद्धत न पाळता बंद केलेले रस्ते खुले करायला सांगितलं होतं. दुसरी बाजूही बघा. बोपखेलच्या लोकांचा दापोडीला जाणारा वर्षानुवर्षांचा रस्ता सीएमईच्या हद्दीतून होता. २०१५ मध्ये तो बंद झाला आणि दापोडीला जायला त्यांना दिघी, विश्रांतवाडीवरून वळसा पडू लागला. ज्यांची शाळा, नोकरी, दवाखाना त्या वाटेवर होता त्यांचं दुःख आपल्या रविवारच्या फेरीहून फार मोठं आहे. रस्त्याबद्दल तक्रार असेल तर ती लेखी करा, कॅन्टोन्मेंट बोर्डाच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याकडे, तारीख-वेळ लिहून. गेटवर वाद घालू नका. तिथे उभा असलेला पंचवीस वर्षांचा मुलगा रस्ता बंद करत नाही आणि उघडूही शकत नाही. त्याने चुकीची वागणूक दिली असं खरंच वाटलं तर वेळ आणि गेट लक्षात ठेवा, पुढे जा आणि घरी येऊन लिहा.

गट घेऊन जाणाऱ्यांवर जास्त जबाबदारी आहे. वीस जणांचा घोळका गेटवर एकदम थडकला तर जवानाला वीस चेहरे एकाच वेळी बघावे लागतात. हद्दीच्या शंभर मीटर आधी थांबा, गट सहा-सातचा करा, एकेरी ओळ लावा, सगळ्यांची कार्डं हाताशी आहेत का बघा, आणि एकानेच बोलायचं हे आधी ठरवा. आरडाओरडा, घोषणा, स्पीकरवरची गाणी नकोत. क्वार्टर्समध्ये रात्रपाळी करून आलेली माणसं झोपलेली असतात. मागे राहिलेल्यासाठी गेटसमोर ताटकळू नका, पुढच्या चौकात थांबा. नवखी मुलं असतील तर त्यांना एनडीएच्या कॅडेटांचं सांगा. आतली मुलं वर्गावर, मैदानावर सायकलनेच जातात, तुकडीने, ओळ न मोडता. आपल्या पोरांना ते फार आवडतं आणि त्यांची ओळ आपोआप सरळ होते.

राहिला पंक्चर. तो नेमका उंच भिंतीखालीच होतो. मागच्या पावसाळ्यात माझा झाला तेव्हा मी जिथे उभी होते तिथून मनोरा साठ-सत्तर पावलांवर होता. अशा वेळी सायकल उलटी करून तिथेच बसकण मारू नका. मी हात वर केला, मग मागच्या चाकाकडे बोट दाखवून टायर दाबून दाखवलं. वरून खूण आली : पुढे, वडाकडे. सायकल हाताने ढकलत मी वडापर्यंत गेले, रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला, भिंतीपासून लांब. सॅक उघडून सामान एका कापडावर मांडलं, दिसेल असं : ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या, पंप. पंप लांबून वेगळंच काही वाटू शकतो, म्हणून तो आधी हवेत धरून दोनदा चालवून दाखवला. वीस मिनिटं लागली. तेवढा वेळ मनोऱ्यातला चेहरा माझ्याकडेच होता. चाक बसवलं, जुनी ट्यूब गुंडाळून सॅकमध्ये टाकली, वडाखाली काही राहिलं नाही ना ते पाहिलं, हात वर केला. त्याने हात वर केला. मग निघाले.